जुन्या उताऱ्यावरचा इंग्रजी 'आकार' जड होता की हलका, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदापूर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे. पणजोबांच्या नावच्या उताऱ्यावर क्षेत्र 20 एकर, त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) 1 एकर 20 गुंठे, आणि आकार, म्हणजे त्या जमिनीवर ठरवलेला वर्षाचा सारा, 6 रुपये 10 आणे. घरात एक काका म्हणतात, वीस एकरांना पावणेसात रुपयेही नाहीत, म्हणजे इंग्रजांचा शेतसारा नाममात्रच होता. दुसरे काका म्हणतात, याच साऱ्यापायी दख्खनचा शेतकरी सावकाराच्या दारात गेला. दोघांपैकी बरोबर कोण?

दोघेही त्या एका आकड्याकडून जास्त अपेक्षा करताहेत. 6 रुपये 10 आणे हा आकडा कसा तयार झाला हे कळल्याशिवाय तो जड की हलका हे ठरत नाही. कसा तयार झाला हे कळलं तरी अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं उत्तर ते पैसे कधी, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या कायद्याखाली भरायचे होते, यात आहे. आणखी काही गोष्टी तुमच्या कागदावर अवलंबून आहेत: उताऱ्याचं साल कोणतं, जमीन रयतावा (पूर्ण सारा भरणारी) की इनाम, आणि ती कोरडवाहू म्हणून लावली होती की बागायत. खाली मी रयतावा कोरडवाहू जमीन धरून लिहितो. जमीन कोकणातली असती तर खोतीमुळे, म्हणजे मधल्या खोतामार्फत सारा भरण्याच्या पद्धतीमुळे, बरंच काही वेगळं झालं असतं.

आधी हिशेब बघू. मुंबई इलाख्याच्या सर्व्हेत जमिनीची मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी 33 फुटांची आणि तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. म्हणूनच जुन्या टिपणावर, म्हणजे शेताच्या मोजणीच्या नोंदीवर, लांबी साखळी-आण्यांत लिहिलेली सापडते. ते आणे पैशाचे समजून पुढे हिशेब केला की सगळंच चुकतं, आणि हा घोटाळा जुनी टिपणं वाचणाऱ्यांकडून वारंवार होतो.

मोजणीनंतर प्रतबंदी. क्लासर, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा कर्मचारी, शेताचे सारख्या आकाराचे भाग पाडायचा, प्रत्येक भागात खणून मातीची जात आणि खोली बघायचा. मातीच्या जाती तीन: काळी ते गडद तपकिरी, बारीक आणि एकसारखी, तिच्यापेक्षा भरड, बहुधा तांबूस, आणि मुरमाड किंवा भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करड्या रंगाची. खोली हातांत मोजत, एक हात म्हणजे 18 इंच. पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे पहिली प्रत, 16 आणे. दीड हात असली तर 14, सव्वा हात 12, एक हात 10, पाऊण हात 8, अर्धा हात 6 आणि पाव हात साडेचार आणे. तांबूस माती त्याच खोलीला एक प्रत खाली धरत. पावणेदोन हात तांबूस म्हणजे 14 आणे आणि पाव हात तांबूस म्हणजे 3. मुरमाड जमीन एक हात खोल असली तरी 6 आण्यांवर जात नसे, आणि पाव हाताला 2 आणे, म्हणजे नववी आणि शेवटची प्रत. चुनखडीचे खडे, वाळूची भेळ, उतार, पाणी न मुरणं, पावसाच्या लोंढ्याने धुपणं, जमीन उपळणं (आतून पाणी पाझरणं) असे दोष सापडले तर प्रत्येक दोषाला एकेक प्रत खाली. हे सगळं क्लासर शेताच्या आकृतीत प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांत लिहायचा: एका कोपऱ्यात खोली, एकात मातीच्या जातीचे ठिपके, एकात प्रत, आणि दोषांच्या खुणा.

आता तुमच्या आकड्याशी जुळेल असा नमुना घेतो. तुमच्या शेताची खरी प्रतबंदी मी पाहिलेली नाही, त्यामुळे ही फक्त रीत समजा. शेताचे आठ भाग पाडले. दोन भाग 8 आण्यांचे, तीन 6 आण्यांचे, दोन साडेचार आण्यांचे, एक 3 आण्यांचा. बेरीज 16 अधिक 18 अधिक 9 अधिक 3, म्हणजे 46. तिला आठने भागलं की सरासरी पावणेसहा आणे. गावाचा कमाल कोरडवाहू दर, म्हणजे 16 आणे प्रतीच्या जमिनीचा दर, एकरी 1 रुपया धरला तर या शेताचा दर एकरी पावणेसहा आणे. पोटखराबा वजा जाऊन आकारणीचं क्षेत्र उरतं 18 एकर 20 गुंठे. साडेअठरा गुणिले पावणेसहा म्हणजे 106 आणे आणि थोडे वर. म्हणजे 6 रुपये 10 आणे.

तुमचा नंबर 20 एकरांचा आहे, तेही बघण्यासारखं आहे. एका बैलजोडीने कसता येईल एवढं क्षेत्र म्हणजे एक सर्व्हे नंबर, अशी कल्पना होती. त्यासाठी हलक्या कोरडवाहू जमिनीत 20 एकर, मध्यम जमिनीत 15, चांगल्या काळ्या जमिनीत 12 आणि भाताच्या जमिनीत 4 एकर अशी मापं ठरवलेली होती. 20 एकरांचा नंबर आणि पाच-सहा आण्यांची सरासरी एकत्र दिसली की जमीन हलकी होती असं समजायला हरकत नाही.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध वाटतं, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. पावणेसहा आणे या आकड्याचा तुमच्या पिकाच्या उत्पन्नाशी थेट संबंध काही नाही. प्रतबंदीने फक्त इतकंच ठरतं की गावाच्या एकूण बोज्यातला किती वाटा कोणत्या शेतावर पडावा. बोजा किती असावा हे ती ठरवत नाही. तो ठरायचा कमाल दरात, आणि कमाल दर ठरवायचा सेटलमेंट अधिकारी, स्वतःच्या अंदाजाने.

हे असं का झालं, ते कळायला तुमच्याच तालुक्याचा इतिहास लागतो. 1818 मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टन आणि त्याच्यानंतरचा दख्खनचा कमिशनर चॅपलिन यांनी सुरुवातीला जुनी घडी फारशी विस्कटायची नाही असं ठरवलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला सारा-वसुलीच्या मक्त्यांचा लिलाव बंद केला आणि पाटील-कुलकर्णी ठेवले. पण सारा गावाऐवजी एकेका रयतेकडून, तिने प्रत्यक्ष कसलेल्या जमिनीवर घ्यायचा, आणि त्यासाठी प्रत्येक शेताचा आकडा हवा होता. ते काम 1820च्या दशकाच्या उत्तरार्धात आर. के. प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आलं. तो इंग्लंडात हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात शिकलेला, जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे. खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, जो सिद्धांत तिथे शिकवला जाई, तो त्याने पुणे जिल्ह्याच्या शेतांवर लावला: एकूण उत्पन्नातून बी, बैल, मजुरी, अवजारं असा सगळा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे.

कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात एकेका प्रतीच्या जमिनीचा निव्वळ नफा काढायला जी माहिती लागते, ती विश्वासार्ह मिळणं शक्यच नव्हतं. माहिती देणारे गावचेच लोक. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या सोयीने आकडे चढायचे-उतरायचे. मोजणीतही चुका निघाल्या. त्यातच धान्याचे भाव पडले, आणि भाव पडले की रोखीतला तोच सारा भरायला जास्त धान्य विकावं लागतं. दर 1830 च्या सुमारास लागू झाले आणि इंदापूर तालुका काही वर्षांत मोडकळीला आला. जमिनी पडीक पडल्या, गावं रिकामी झाली, माणसं निजामाच्या मुलखात निघून गेली. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, हे पुढे मुंबई सरकारच्या प्रशासन अहवालातच मान्य केलेलं आहे. दुसऱ्या काकांच्या म्हणण्याला इतका भक्कम सरकारी पुरावा क्वचितच मिळतो.

1835 मध्ये मुलकी अधिकारी गोल्डस्मिड आणि इंजिनिअर खात्यातला लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे इंदापूर आलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. तालुक्याची मागची अनेक वर्षं काढली: किती जमीन लागवडीखाली, किती सारा मागितला, किती प्रत्यक्ष वसूल झाला, किती सूट दिली, भाव काय होते. त्यावरून तालुका किती भार पेलेल याचा अंदाज बांधून एकूण रक्कम ठरवली. बाजार, पाऊस, वाटा बघून गावांचे गट पाडले, गटागटाला कमाल दर दिला, आणि मग प्रतबंदीच्या आण्यांनी तो शेतांवर वाटला. 1836 मध्ये हे दर इंदापुरात लागू झाले, 30 वर्षांच्या हमीने. 1847 मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने हीच रीत इलाखाभर पक्की केली. दर प्रिंगलच्या मानाने बरेच उतरले आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली. पहिल्या काकांचं म्हणणं या काळापुरतं खरं आहे.

पण रक्कम वरून खाली येते हे ध्यानात ठेवा. 30 वर्षं संपल्यावर 1867 मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. इलाख्यातली ही पहिलीच. जमिनीचा कस तीस वर्षांत वाढला नव्हता, तरी तालुक्याचा सारा सुमारे दीडपट झाला. कारण कमाल दर भावांवर आणि बाजाराच्या सोयीवर ठरत होता, आणि त्या वर्षांत दोन्ही चढलेले होते. रेल्वे आली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशाने सगळ्याच वस्तूंचे भाव वाढवले होते. युद्ध संपलं, कापूस कोसळला, त्यामागोमाग धान्यही उतरलं, आणि तेजीतल्या भावांवर बेतलेले दर मंदीत 30 वर्षांसाठी बसले. सरकारलाही हे उशिरा कळलं. ऑक्टोबर 1874 मध्ये वाढीवर मर्यादा घातली गेली: तालुक्यावर किंवा गटावर 33 टक्क्यांहून जास्त नाही, एका गावावर 66, एका खातेदारावर 100. म्हणून तुमच्या उताऱ्याचं साल मी सर्वांत आधी विचारतो. 1836 ते 1866 मधला आकार आणि 1867 नंतरचा आकार यांचा अर्थ एकच लावता येत नाही.

आता दुसरा अर्धा भाग. माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे, आणि घरगुती वादात तोच सुटतो.

पेशवाईतला आकडा आणि इंग्रजी आकडा शेजारी ठेवून कोण जास्त घेत होतं हे ठरवायचा मोह टाळा. बिघा गावोगावी आणि जमिनीच्या प्रतीप्रमाणे वेगळा. रुपये अंकुशी, चांदवडी असे अनेक आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. मूळ साऱ्यावर बाबती, पट्ट्या, वेठ, हक्कदारांचे हक्क, हे आकड्यात दिसत नाहीत. मुख्य म्हणजे मागणी आणि वसुली यांत मोठं अंतर असे. पीक बुडालं की पाटील मामलेदाराशी घासाघीस करी, सूट मिळे, तगाई (सरकारी उचल) मिळे, बाकी पुढच्या वर्षावर जाई. ही सवलत कधी अन्यायकारकही असे, कारण ती पाटलाच्या मर्जीतल्यांना आधी मिळायची. पण वाईट वर्षाचा धक्का गावाच्या पातळीवर थोडा तरी झेलला जाई.

सर्व्हे पद्धतीत तत्त्वच उलटं होतं. दर बेताचा ठेवलाय, तेव्हा चांगल्या वर्षातून वाईट वर्ष भरून काढा, सूट सहसा नाही. इंदापूर पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीचा तालुका. तिथे तेव्हा तीन-चार वर्षांत एखादं वर्ष बरं जाई. 6 रुपये 10 आणे ही रक्कम सरासरी वर्षात भारी नसेलही, पण ती दर वर्षी, रोखीत, ठरल्या हप्त्याला भरायची होती. रब्बी ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. हप्ता त्याआधी पडला तर उभ्या पिकावर उचल घेण्यावाचून मार्ग नसे, आणि उचल देणारा एकच, गावचा वाणी. शिवाय आकाराच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा उपकर, होता. तुमच्या उदाहरणात तो आणखी साडेसहा आण्यांच्या वर जातो. उताऱ्यावरचा आकार म्हणजे एकूण भरणा समजू नका.

आणि तिसरी गोष्ट, मला सर्वांत निर्णायक वाटणारी. सर्व्हे नंबरावर खातेदाराला जो हक्क मिळाला तो वारसाने जाणारा आणि विकता येण्याजोगा होता. 1865 च्या सर्व्हे कायद्याने तो पक्का झाला. मिरासदार (वंशपरंपरागत हक्काचा कसणारा) आणि उपरी (तसा हक्क नसलेला कसणारा) हा जुना भेद त्यात पुसला गेला. हे देणं चांगल्या हेतूचं होतं, शेतकऱ्याने जमिनीत पैसा घालावा म्हणून. परिणाम असा झाला की ज्या जमिनीला पूर्वी सावकार सहसा हात लावत नसे, ती आता उत्तम तारण झाली. जितका सारा हलका, तितकी जमिनीची किंमत जास्त, आणि तितकं कर्ज जास्त मिळणार. पूर्वी सावकार पीक उचलून नेई. आता कोर्टाचा हुकूमनामा घेऊन शेतच नेऊ लागला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला, म्हणजे कर्जरोख्याला, तीन वर्षांची मुदत घातली. कर्जदाराच्या संरक्षणासाठी केलेला नियम, पण सावकार दर तीन वर्षांनी नवीन खत लिहून घेऊ लागला, आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळू लागला. दोन-तीन खतं उलटली की मूळ कर्ज ओळखू येत नसे. ज्या विंगेटने हे दर बसवले, त्यानेच 1852 मध्ये सरकारला लिहून कळवलं होतं की कोर्ट-कायदा सावकाराच्या बाजूला झुकलेला आहे. त्याचं म्हणणं वेळेवर ऐकलं गेलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर हल्ला केला. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या 30 हून अधिक गावांत पसरलं. बहुतेक ठिकाणी लोकांना हवी होती ती खतं आणि हुकूमनामे, आणि ते हाती आले की जाळले गेले. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मुख्य बोट सावकारी आणि कायद्याकडे दाखवलं. आयोगातल्याच ऑकलंड कॉल्विनने वेगळं टिपण जोडून सारावाढीला जबाबदार धरलं. तुमच्या दोन काकांमधला वाद त्या आयोगातही झाला होता. माझं मत कॉल्विनच्या जवळ जातं, एका फरकाने: सारावाढ एकटी असती तर ती 1830 सारखी लोकांच्या स्थलांतरातून दिसली असती. ती खतं जाळण्यातून दिसली, कारण मधल्या काळात जमीन विकली जाण्याजोगी झाली होती आणि लोकांना सोडून जायला परवडत नव्हतं.

1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. खतावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी अटक थांबली, आणि जमीन स्पष्टपणे गहाण ठेवलेली नसेल तर साध्या कर्जासाठी तिचा लिलाव थांबला. सावकारांनी मग वाट बदलली. गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचं, आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे फक्त तोंडी. घरच्या दप्तरात 1880 नंतरचं एखादं खरेदीखत असेल, किंमत विचित्रपणे कमी असेल, आणि विकणाराच पुढेही ती जमीन कसत असल्याचं दिसत असेल, तर ते मुळात कर्ज असण्याची शक्यता धरून वाचा.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात त्या सर्व्हे नंबराचा आकारबंद (क्षेत्र आणि आकाराची नोंदवही) आणि टिपण यांच्या नकला मागा, आणि जुनं प्रतबंदीचं पुस्तक उपलब्ध आहे का विचारा. अर्जात आजचा गट नंबर लिहून भागणार नाही. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात नंबर बदलले असतील, म्हणून आधी गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढा. बराचसा कागद मोडी लिपीत असेल. मोडी वाचणाऱ्याला नक्कल देताना आकडे वेगळे लिहून घ्या, कारण रुपये-आणे दाखवण्याच्या जुन्या उभ्या-आडव्या रेघांत चूक होते. क्षेत्र ताडून बघायचं तर 18 एकर 20 गुंठे म्हणजे सुमारे 7 हेक्टर 49 आर. सातबारावर आज 6.62 किंवा 6.63 असा आकार दिसला तर तो तुमचाच 6 रुपये 10 आणे आहे, पैशांत बदललेला. स्वातंत्र्यानंतर सरसकट फेरआकारणी झालेली नाही, त्यामुळे असे आकडे अजून टिकून आहेत. नंबराचे पुढे पोटहिस्से पडले असतील तर मात्र आकारही विभागला जातो, तेव्हा सगळ्या हिश्श्यांची बेरीज करून बघा.

मग पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटिअरमधलं जमीन-महसुलाचं प्रकरण काढा. त्यात इंदापूरची लागवड, मागणी, सूट आणि ज्वारीचे भाव वर्षवार मिळतात. 6 रुपये 10 आण्यांना त्या वर्षी किती ज्वारी विकावी लागली असती, हे चढ्या भावाचं एक वर्ष आणि पडत्या भावाचं एक वर्ष घेऊन काढा. हा हिशेब तासाभराचा आहे आणि दोन्ही काकांसमोर ठेवता येईल.

उताऱ्यावर 'इनाम' किंवा 'जुडी' (इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा) असा शब्द असेल तर वरचा बराच भाग लागू होत नाही. तिथे पूर्ण आकार कागदावर लिहिलेला असतो आणि वसूल फक्त जुडीइतका होतो. तसं असेल तर उताऱ्याचं साल आणि इनामाचा प्रकार कळवा, म्हणजे त्यावर वेगळं लिहितो.